संगीताच्या खोलीतले कपाट आणि रॅपवरची बंदी

गेल्या अंकात एका पालकांनी "स्नेहसंमेलनात रॅप नको" असे स्पष्ट लिहिले होते. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर कार्यालयाची चार ओळींची सूचना होती. संगीताच्या खोलीतील जुन्या रेकॉर्डचे कपाट दिवाळीच्या सुट्टीत रिकामे करायचे आहे, कोणाला काही हवे असल्यास कळवावे, उरलेले कबाड्याला दिले जाईल. या दोन मजकुरांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे फारसे कोणाला वाटले नसेल. मला तो दिसतो, म्हणून संपादकांकडून दोन पाने मागून घेतली.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी. ध्वनिमुद्रणाचे काम करतो. जाहिरातींच्या जिंगल, नाटकांचे पार्श्वसंगीत, मंडळांची गणपतीची गाणी, जे येईल ते. पोटाचे काम आटोपले की रात्री स्वतःसाठी जे ऐकतो ते बहुधा जॅझच्या अंगाने जाणारे हिप-हॉप असते. मोठ्या कंपन्यांचे नव्हे, छोट्या, स्वतंत्र कंपन्यांनी काढलेले. वीस वर्षे झाली, हा नाद सुटत नाही. घरचे म्हणतात, इंदूरच्या माणसाने अमीर खाँ ऐकावेत, हे काय भलतेच? अमीर खाँही ऐकतो. कान तोच आहे.

आधी पालकांच्या तक्रारीबद्दल. त्यांनी लिहिले की रॅप म्हणजे शिव्या, बायकांचा अपमान आणि पैशाचा माज. बाजारात जे सर्वांत जास्त वाजते त्यातले पुष्कळसे तसेच आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या मुलीच्या फोनवर तसले काही लागले तर मीही बंद करायला लावतो. पण हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या मंडळींचा 'द लो एंड थिअरी' हा अल्बम १९९१ साली आला. त्यातल्या एका गाण्यात त्यांना खरा डबल बास हवा होता, म्हणजे माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे ते चार तारांचे वाद्य. त्यांनी थेट रॉन कार्टर यांना विचारले. हे कार्टर १९६३ ते १९६८ या काळात माइल्स डेव्हिसच्या साथीला बास वाजवणारे, जॅझमधले फार मोठे नाव. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनी उठून झाकीर हुसेन यांना "आमच्या गाण्यात ठेका धरा" म्हणावे, तशातला प्रकार. कार्टर यांनी एकच अट घातली: शिव्या नकोत. अट मान्य झाली, ते आले आणि वाजवून गेले. त्या गटाची सगळीच गाणी सोवळी आहेत असा माझा दावा नाही. पण एका बुजुर्गाने दार बंद केले नाही, अट सांगितली आणि आत घेतले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात क्यू-टिप सांगतो की त्याच्या वडिलांना हिप-हॉप ऐकून त्यांच्या तरुणपणचा बीबॉप, म्हणजे चाळीसच्या दशकातला जॅझ, आठवतो. आणि त्या गाण्याखालची बासची ओळ उचललेली आहे ती आर्ट ब्लेकी या जॅझ ड्रमवादकाच्या रेकॉर्डवरून.

उचललेली म्हणजे काय, हे नीट सांगितले पाहिजे. हिप-हॉपमध्ये प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा निर्माता नव्हे. गाण्याखालचे संगीत जो बांधतो तो प्रोड्युसर. तो जुनी रेकॉर्ड ऐकतो, त्यातला दोन-चार सेकंदांचा तुकडा सॅम्पलर नावाच्या यंत्रात घेतो आणि तो फिरता ठेवतो. वर ढोल-झांजांचे वेगळे तुकडे बसवतो. शाळेतल्या मुलांना मी हे लेहऱ्याचे उदाहरण देऊन सांगतो. एकल तबलावादनात सारंगी किंवा हार्मोनियम एकच ओळ तासभर वाजवत राहते आणि तबलजी त्या ओळीच्या आधाराने हवे तसे खेळतो. सॅम्पल म्हणजे तो लेहरा, आणि रॅप करणारा म्हणजे पढंत करणारा. (रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे हल्ली फार ऐकू येते. मला ते पटत नाही. पोवाड्याला सांगायला एक प्रसंग लागतो आणि 'जी जी रं जी' म्हणणारे झीलकरी लागतात. पढंतीचे नाते जास्त जवळचे.)

१९८७ साली बाजारात आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. मग लोकांनी युक्ती काढली. ३३ च्या गतीची रेकॉर्ड ४५ वर लावायची, तो पळता आवाज यंत्रात भरायचा आणि आत नेऊन पुन्हा संथ करायचा. जागा वाचायची, आणि या उलटापालटीत आवाजाला एक खरखरीत, धुळकट रंग यायचा. आज संगणकात शेकडो तासांची जागा आहे, तरी तो रंग मिळवण्यासाठी लोक पैसे मोजतात. अडचणीतून निघालेली गोष्ट पुढे चव बनून बसते, तसे हे झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या प्रोड्युसरांना रेकॉर्ड मिळाल्या कुठे? हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीतल्या पार्टीत झाला असे मानतात. जमैकातून आलेल्या कूल हर्कने दोन रेकॉर्ड प्लेयर शेजारी ठेवून गाण्यातला फक्त तालाचा भाग लांबवत नेला. पुढे १९७५ मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, हजारो शिक्षक घरी बसले आणि कला-संगीताच्या तासांवर पहिली कुऱ्हाड पडली. वाद्ये हातातून गेली म्हणून मुले रेकॉर्डकडे वळली, असे पुष्कळ जण सांगतात. इतके सरळ गणित मी मांडणार नाही, कारण पार्टी ७३ ची आणि कपात ७५ ची. पण पुढच्या पिढीबद्दल मला खात्रीने दिसते ते असे, की शाळेने दिले नाही ते घरच्या कपाटाने दिले. पीट रॉकचे वडील रेकॉर्ड जमवणारे. डेट्रॉइटच्या जे डिलाची आई ऑपेरा गायलेली आणि वडील जॅझचा बास वाजवणारे. कॅलिफोर्नियाच्या मॅडलिबचा मामा म्हणजे जॉन फॅडिस हा नावाजलेला ट्रम्पेटवादक. ही सगळी मंडळी वडीलधाऱ्यांच्या रेकॉर्ड ऐकत वाढली, आणि मग तेवढ्यावर न भागल्याने जुन्या बाजारात, दुकानांच्या तळघरात, गुडघ्यावर बसून खोकी उपसत राहिली.

त्यात जॅझच का, असे कोणी विचारील. नाच-गाण्याच्या रेकॉर्डवर ताल मिळे, पण जॅझमध्ये त्यांना अशा जागा सापडल्या जिथे एखादा बासवाला किंवा पियानोवाला दोन सेकंदच एकटा पडतो आणि काहीतरी न ठरवलेले वाजवून जातो. १९९२ चे पीट रॉक आणि सीएल स्मूद यांचे एक गाणे आहे, अकाली गेलेल्या एका नर्तक मित्राच्या आठवणीत केलेले. त्यातला सॅक्सोफोन टॉम स्कॉटच्या १९६७ च्या एका रेकॉर्डवरचा आहे. मूळ गाणे वेगळ्याच भावाचे. पण तेवढा तुकडा बाजूला काढून फिरवला, की मागे राहिलेल्यांची हुरहुर त्यातून ऐकू येते. ती त्यात आधीपासून होती की नाही, सांगता येत नाही. ऐकणाऱ्याने ती काढली, हे मात्र खरे.

जे डिलाविषयी थोडे जास्त लिहितो, कारण आमच्या धंद्यात त्याचे नाव निघाले की लोक कानाला हात लावतात. तालयंत्रात एक सोय असते. तुमचा ठोका थोडा पुढेमागे पडला तर यंत्र तो ओढून मात्रेवर नेऊन बसवते. डिलाने ही शिस्त हवी तिथे मोडली. एक ठोका मात्रेवर, दुसरा किंचित मागे, तिसरा जरा घाईत, असे एकाच चालीत त्याने नांदवले. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते की वाजवणारा अडखळतो आहे, चार आवर्तनांनंतर मान डोलू लागते. आपल्याकडे समेच्या जरा आधी किंवा जरा नंतर उतरण्याला अतीत-अनागत म्हणतात आणि ते साधायला वर्षे घालवतात. डिलाचे कसब तेच आहे असे नाही, पण ज्याने आपल्या गायकांचा विलंबित ख्याल नीट ऐकला आहे त्याला ते चटकन कळते. त्याचा 'डोनट्स' हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, स्टोन्स थ्रो या छोट्या कंपनीने काढला. आजारी डिला तीन दिवसांनी गेला. त्याच्या आईने त्याचे तालयंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले. आपण कबाड्याला देतो.

योगायोग असा, की ७ फेब्रुवारी १९७४ याच तारखेला जपानमध्ये जुन सेबा नावाचा मुलगा जन्मला. नावाची अक्षरे उलटी करून तो 'नुजाबेस' झाला. टोकियोच्या शिबुया भागात त्याचे रेकॉर्डचे दुकान होते. स्वतःची छोटी कंपनी काढून त्याने पियानो, बासरी, सॅक्सोफोनच्या तुकड्यांवर इतके मृदू संगीत बांधले की ते ऐकताना हे हिप-हॉप आहे असे सांगावे लागते. २०१० साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. दहावीच्या मुलांनो, तुम्ही अभ्यास करताना कानात घालून बसता ते 'लो-फाय' संगीत, त्याचे घराणे डिला आणि नुजाबेस या दोघांपर्यंत जाते. म्हणजे ज्यांना रॅप नको आहे त्या घरांतही ते रोज संध्याकाळी सात ते दहा वाजते आहे. फक्त त्यात शब्द नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात आलेले नाही.

स्वतंत्र कंपन्यांचे मला कौतुक का, हेही सांगतो. मोठी कंपनी विचारते, हे किती विकेल. 'डोनट्स'मध्ये शब्द जवळजवळ नाहीत, एकतीस तुकडे आहेत, बहुतेक एक-दोन मिनिटांचे. असे काही बाजाराच्या हिशोबात बसत नाही. मॅडलिब आणि एमएफ डूम यांच्या २००४ च्या 'मॅडव्हिलनी' अल्बममधल्या पुष्कळशा चाली मॅडलिबने ब्राझीलच्या एका हॉटेलात, हातात मावणारे सॅम्पलर, प्रवासी रेकॉर्ड प्लेयर आणि कॅसेट डेक एवढ्या साहित्यावर बांधल्या होत्या. लाखांचा स्टुडिओ लागत नाही, हे विश्वस्तांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

याच मॅडलिबला २००३ मध्ये ब्लू नोट या १९३९ पासूनच्या जॅझ कंपनीने आपले जुने भांडार वापरू दिले आणि त्यातून 'शेड्स ऑफ ब्लू' निघाला. चारच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याचा 'बीट कंडक्टा इन इंडिया' आला. त्यात आपल्या हिंदी चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्ड आहेत. आपल्याकडे ज्या रेकॉर्ड फुटपाथवर पडून असत त्यांत त्याला काय ऐकू आले असेल? मला वाटते, त्याला त्यात ओळखीचे काही सापडले. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोही. पण बहुतेकांची नावे रेकॉर्डच्या वेष्टणावर कुठेच नसत. गायक, संगीतकार, गीतकार, संपले. ट्रम्पेट कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा, हे आज शोधायला गेले तर म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन विचारावे लागते, आणि ती घरेही कमी होत चालली आहेत.

इथे या संगीताची एक बाजू झाकून चालणार नाही. दुसऱ्याचा तुकडा घेणे ही चोरी आहे की नाही? १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात ती चोरीच ठरवली, आणि तेव्हापासून परवानगी व पैसे हा मोठा विषय झाला. आपल्या इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लताबाईही यातून सुटल्या नाहीत. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातले बप्पी लाहिरींचे त्यांचे गाणे २००२ मध्ये 'ॲडिक्टिव्ह' नावाच्या अमेरिकी गाण्यात विनापरवाना वापरले गेले. गाणे जगभर गाजले, वेष्टणावर बप्पींचे नाव नव्हते. २००३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने श्रेय दिल्याशिवाय तो अल्बम विकण्यास मनाई केली. ही मोठ्या कंपनीची गोष्ट आहे. छोट्या कंपन्या याबाबतीत धुतल्या तांदळासारख्या आहेत असे मात्र समजू नका. माझे मत असे, की तुकडा घेणे हे पाप नाही, नाव गाळणे हे आहे. आणि नाव गाळण्याचे काम आपल्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्या अमेरिकनांच्या कितीतरी आधी करून ठेवले होते.

तेव्हा माझ्या सूचना. कपाट रिकामे करण्याचा निर्णय एक वर्ष थांबवावा. संगणक कक्षाला जागा हवी आहे हे मला कळते. कपाट गॅलरीत गेले तरी चालेल, फक्त ऊन आणि पावसाची झड लागू देऊ नये. त्या कपाटात काय आहे याची यादी आज कोणाकडेही नाही. मी शाळेत असताना त्यात लाखेच्या ७८ च्या रेकॉर्ड होत्या, नाट्यसंगीताच्या बऱ्याच, अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी होती, आणि हिंदी चित्रपटांचा एक मोठा गठ्ठा एका दिवंगत विश्वस्तांच्या घरून आलेला होता. त्यातले काय शिल्लक आहे ते आठवी-नववीच्या मुलांनी पाहावे. प्रत्येक रेकॉर्डवरचे प्रत्येक नाव वहीत उतरवावे, आणि जे नाव छापलेले नाही त्यासाठी कोरी ओळ सोडावी. ज्या नकोतच असे ठरेल त्या इथेच पिगडंबरला लताबाईंच्या नावाने असलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या संग्रहालयाला आधी विचारून पाहाव्यात, कबाडी शेवटी.

आणि स्नेहसंमेलनात रॅप होऊ द्यावा. अट कार्टर यांचीच: शिव्या नकोत. जोडीला माझी एक, की खालचे संगीत फोनवरून आयते उतरवलेले नसावे. कपाटातल्या एखाद्या रेकॉर्डमधला तुकडा ऐकून, निवडून, मुलांनी स्वतः बांधलेले असावे, आणि निवेदकाने गाण्याआधी त्या रेकॉर्डवरची सगळी नावे वाचून दाखवावीत. कायद्याची भीती बाळगू नये. शाळेच्या कार्यक्रमात, विद्यार्थी-पालकांपुरते असे वादन आपला कॉपीराइट कायदा चालवून घेतो. त्याची चित्रफीत इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे, ती करू नये. शिवाय आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे टिकतो, म्हणजे कपाटातल्या सर्वांत जुन्या मुद्रणांवरचा तो केव्हाच संपला आहे. शब्द आणि चालीचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असतो, तो मुलांनी वेगळा तपासावा. तेवढ्यानेही पुष्कळ शिकून होईल.

ही मुले रॅप कसा करतील? पहिल्या वर्षी वाईट करतील. नाट्यगीतही पहिल्या वर्षी वाईटच गातात, आपण टाळ्या वाजवतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास मी येऊ शकतो. जुना सॅम्पलर माझ्याकडे पडून आहे, तो आणीन. शाळेच्या रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा सैल झाला असणार, तो मी बदलून देईन. सुई मात्र शाळेने घ्यावी, आणि एक नव्हे, दोन घ्याव्यात. ७८ च्या तबकड्यांचा चर रुंद असतो, त्यांना एलपीची सुई चालत नाही. कोणी उत्साहाच्या भरात ती लावून पाहू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.